कामगार काय मोजतो? मोठी कंपनी, न्याय आणि आपला कारखाना

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांच्या हस्ते अमरावतीच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. सुमारे एक हजार एकरांचा हा प्रकल्प आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे मोठे कारखाने त्याआधीच आले होते. तेव्हापासून शिलाई, यंत्रदुरुस्ती, वेल्डिंग, सुतारकाम आणि वाहतूक यांत असलेल्या आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंमध्ये दोन प्रकारची चर्चा ऐकू येते. कोणी म्हणतो, मुलाला घराजवळ कंपनीत नोकरी मिळेल. कोणी म्हणतो, सहा-सात वर्षे शिकवून तयार केलेला कारागीर कंपनी उचलून नेईल. पहिली आशा खरी आहे आणि दुसरी धास्तीही खरी आहे. पुष्कळदा एकाच घरात दोन्ही असतात.

म्हणूनच या वेळी आम्ही भाव, कर्ज आणि कराचा विषय बाजूला ठेवून एका वेगळ्या प्रश्नाकडे वळत आहोत. मोठ्या कंपनीत काम करणारी माणसे आपल्या कंपनीबद्दल काय बोलतात? कोणत्या गोष्टीला ती न्याय म्हणतात आणि कोणत्या गोष्टीला अन्याय? हा सगळा पगाराचा मामला आहे, असे समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत. 'दोन पैसे जास्त दिले की माणूस टिकतो' हे वाक्य बाजारात रोज ऐकू येते. अनुभव मात्र तसा नाही. कमी पगारावर वीस वर्षे टिकलेली माणसे आपण पाहतो आणि चांगला पगार सोडून दोन महिन्यांत परत आलेली मुलेही पाहतो.

शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहणे

१९६३ साली जॉन स्टेसी ॲडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. ते त्या वेळी जनरल इलेक्ट्रिक या प्रचंड कंपनीत संशोधन करीत होते. त्यांचे म्हणणे असे की, कामगार आपल्याला काय मिळते एवढेच मोजत नाही. आपण किती घातले आणि किती मिळाले याचे प्रमाण तो काढतो आणि मग तेच प्रमाण शेजारच्या माणसाचे काय आहे ते पाहतो. घातलेल्यात वेळ, कसब, घाम, शिक्षण आणि निष्ठा येते. मिळालेल्यात पगार येतोच, शिवाय मान, रजा, बसायची जागा आणि सोपे काम हेही येते. दोघांचे प्रमाण जुळले नाही की मन बिघडते. मग माणूस हात आखडतो, किंवा भांडतो, किंवा निघून जातो.

शिलाईच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. समजा, दोन कारागिरांना नगामागे एकच दर आहे. कागदावर पूर्ण समानता झाली. पण कटिंग मास्टर सरळ शिलाईचे गठ्ठे आपल्या ओळखीच्या कारागिराकडे सरकवतो आणि कॉलर-कफचे किचकट काम दुसऱ्याला देतो. संध्याकाळी पहिल्याचे तीस नग होतात, दुसऱ्याचे वीस. मालकाच्या वहीत काहीच चूक नाही. दुसरा कारागीर मात्र महिनाभरात 'भाई, गावी जाऊन येतो' म्हणून जातो तो परत येत नाही. मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना काम नको. दर समान होता, कामाची वाटणी समान नव्हती, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

मोठ्या कंपनीत हेच शंभरपट होते. तिथे एकाच मशीनवर, एकाच पाळीत, एकच काम करणारे दोघे असतात. एक कंपनीचा कायम कामगार आणि दुसरा ठेकेदाराचा. गणवेशाचा रंगही कधी वेगळा असतो. पगारात मोठे अंतर असते. कँटीन, बस, दिवाळीचा बोनस यांतही फरक असतो. ठेकेदाराच्या कामगाराला शेजारचे ताट रोज आठ तास समोर दिसते. या तुलनेपुढे गावातल्या मजुरीपेक्षा इथे दुप्पट मिळते, हे समाधान फार दिवस पुरत नाही.

रुमालाखालचा भाव

न्यायाचा दुसरा भाग निर्णयाच्या पद्धतीचा आहे. निर्णय काय झाला यापेक्षा तो कसा झाला, हे अनेकदा जास्त महत्त्वाचे ठरते. थिबॉट आणि वॉकर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली न्यायनिवाड्याच्या अभ्यासातून हे दाखवले. आपले म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली असे ज्याला वाटते, तो आपल्या विरुद्ध गेलेला निकालही अधिक सहज मान्य करतो.

वऱ्हाडच्या व्यापाऱ्याला हे अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. देशातला कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली आपल्या कारंजाला सुरू झाला, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्या काळी देशभर शेतमालाच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल होती. मालाचा धनी समोर उभा असे, पण त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नसे. भाव कधी चांगलाही मिळत असेल, पण विश्वास बसत नसे. उघड्या हर्रासात भाव पडला तर शेतकरी हळहळतो आणि गाडी खाली करतो. झाकलेल्या भावाने दोन रुपये जास्त मिळाले तरी तो म्हणतो, फसवले.

कंपनीत बढती, पगारवाढ, पाळीची बदली आणि रजा या चार गोष्टी बहुधा रुमालाखाली ठरतात. कामगारांच्या तक्रारी ऐकल्या तर 'मला कमी दिले' यापेक्षा 'कशावरून कमी दिले ते सांगितले नाही' ही तक्रार जास्त कडवट असते. वर्षअखेर साहेबाने एका कागदावर 'ब' श्रेणी लिहिली. का लिहिली, 'अ' मिळवायला काय करावे, तक्रार कुणाकडे करावी, यातले काहीच त्याला माहीत नसते. मग तो आपल्या परीने कारण शोधतो. आपण साहेबाच्या गावचे नाही, त्याच्या जातीचे नाही, त्याच्याबरोबर चहाला जात नाही. कारण खरे असो वा नसो, झाकलेल्या निर्णयातून असेच कारण निघते.

तिसरा भाग वागणुकीचा. याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चार लोकांसमोर अपमान झालेला माणूस पगाराची तारीख विसरेल, तो दिवस विसरणार नाही.

नागपूरची एक जुनी गिरणी

आपल्याच कापसावर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कंपनीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जमशेटजी टाटांनी मुंबईत गिरणी न काढता नागपूर निवडले, कारण कापूस जवळ होता. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला त्याच दिवशी, 'एम्प्रेस मिल' सुरू झाली. कारभार पाहायला त्यांनी बेझनजी मेहता या रेल्वेतल्या गृहस्थाला आणले.

त्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, या गिरणीतील विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले. हिंदुस्थानातल्या नोंदलेल्या पहिल्या संपांत या संपाची गणना होते. चांगल्या म्हणून नावाजलेल्या मालकाच्या गिरणीतच पहिल्या वर्षी दराचा तंटा झाला, हे ध्यानात ठेवावे. मालक सज्जन आहे म्हणून दर आपोआप न्याय्य ठरत नाही.

दुसरी अडचण खाड्यांची होती. शंभरातले वीस कामगार रोज गैरहजर राहत. दुसरा कुणी असता तर दंड लावला असता, पगार कापला असता. जमशेटजींनी उलटी वाट धरली. त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसे दिली, गिरणीत हवा आणि ओलाव्याची सोय केली. १८८६ मध्ये पेन्शनचा फंड सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. सरकारी कायद्याने अपघाताची भरपाई सक्तीची केली ती १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनंतर. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात टाटांनी १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भरपगारी रजा सुरू केली.

यात धर्मादाय नव्हते. टाटा पक्के व्यापारी होते. खाडे थांबले तर चात्या थांबत नाहीत आणि चात्या थांबल्या नाहीत तर नफा थांबत नाही, हा त्यांचा हिशेब होता. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, हीच गिरणी तोट्यामुळे टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद झाली. म्हणजे चांगली वागणूक ही धंदा कायम चालण्याची हमी नव्हे. यंत्रे जुनी झाली, बाजार बदलला, तर तीही वाचवू शकत नाही. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्या, अचलपूरची विदर्भ मिल, यांचे राष्ट्रीयीकरण १९७४ च्या कायद्याने झाले आणि पुढे त्याही बंद पडल्या. अचलपुरात मुंबईच्या फिनले मिलच्या नावाने नवी गिरणी उभी राहिली, तिचे उत्पादन मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबले. तिथल्या कामगारांच्या आंदोलनांत पगाराइतकाच एक प्रश्न वारंवार आला. गिरणी चालू होणार की नाही, हे आम्हाला कोणी स्पष्ट सांगेल काय?

जॉबर गेला, ठेकेदार आला

जुन्या गिरण्यांत भरती जॉबर करीत असे. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, कर्ज मिळवून देणे, सारे त्याच्या हातात. कामगार त्याला दस्तुरी देत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीसाठी वेगळे कामगार अधिकारी नेमावेत, असे सुचवले. आज जॉबर नाही, पण ठेकेदाराचा माणूस आहे. कंपनी म्हणते, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, कंपनीकडून बिल आले नाही. मध्ये उभा असलेला कामगार कुणाला विचारणार?

या दुहेरी व्यवस्थेतून काय होऊ शकते, ते हरियाणातील मानेसरच्या मारुती कारखान्यात दिसले. २०११ साली तिथे अनेक महिने संप आणि टाळेबंदी चालली. युनियनला मान्यता, ठेक्यावरच्या कामगारांचा कायम कामगारांपेक्षा फार कमी पगार आणि सात-साडेसात मिनिटांची चहाची सुट्टी, या तक्रारी होत्या. त्या सुट्टीत चहा घेऊन लघवीला जाऊन परत लाइनवर उभे राहायचे, असे कामगार सांगत. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार भडकला, कारखान्यात आग लागली आणि मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २०१७ मध्ये न्यायालयाने तेरा जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्या निर्दोषांपैकी कित्येक जण वर्षानुवर्षे तुरुंगात होते. हिंसेचे समर्थन कुणीही करू नये. पण ऐकण्याची जागाच उरली नाही तर संताप कुठल्या वाटेने बाहेर येईल, हे मालकाच्या हाती राहत नाही.

ऐकण्याचा धंदा

मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. त्या दरवर्षी कर्मचाऱ्यांचे मत अजमावतात. याची सुरुवात अमेरिकेतील शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झाली म्हणता येईल. टेलिफोनचे सामान बनवणाऱ्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. १९२८ पासून दोन-अडीच वर्षांत एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जात, तेव्हा कामगार तोंडदेखली उत्तरे देत. मग पद्धत बदलली. ज्याला जे बोलायचे ते बोलू द्यायचे, मध्ये तोंड घालायचे नाही. तेव्हा खरी माहिती येऊ लागली. तक्रारीत सांगितलेली गोष्ट आणि मनातली सल या दोन वेगळ्या असतात, हेही तिथे कळले.

त्याच कारखान्यातील दुसरा एक प्रयोग आपल्या नगावर मजुरी देणाऱ्या मालकांनी मुद्दाम समजून घ्यावा. १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका गटाचे काम बारकाईने पाहिले. जास्त काम केले तर जास्त पैसे मिळत होते. तरीही गटाने आपसात एक आकडा ठरवला होता, त्यापुढे कोणी जायचे नाही. जो जाईल त्याची टर उडवायची. कारण काय? आज जास्त नग काढले तर उद्या मालक दर खाली आणेल, ही भीती. आपल्याकडे ही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. कारागिराचा हात बसला, दिवसाला जास्त कमवू लागला की 'आता तुला जमते, दोन रुपये कमी करू' म्हणणारे मालक आहेत. मग कारागीर हळू काम करतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

आजच्या पाहण्या कागदावर किंवा मोबाइलवर होतात. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच पायऱ्यांवर खूण करायची. नाव लिहायचे नसते. पण विभाग, वय, किती वर्षे नोकरी हे लिहायचे असते. आठ माणसांच्या विभागात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, हे कामगाराला कळते आणि तो सगळीकडे 'सहमत' अशी खूण करून मोकळा होतो. म्हणून कुठल्याही कंपनीबद्दल 'शंभरात ऐंशी कर्मचारी समाधानी' असे छापून आले तर तीन गोष्टी पाहाव्यात, असे आमचे मत आहे. ठेक्यावरच्या कामगारांना विचारले होते काय? स्त्रियांची उत्तरे वेगळी मांडली आहेत काय? आणि जे सोडून गेले त्यांचे म्हणणे कुणी ऐकले काय? राहिलेल्यांना विचारून गेलेल्यांचे कारण कसे कळणार?

पगार मोठा म्हणजे सगळे ठीक, हाही एक गैरसमज आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका जगप्रसिद्ध लेखापरीक्षण कंपनीत चारच महिने काम केलेल्या २६ वर्षांच्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर पोहोचले. रात्री उशिरापर्यंतचे काम, सुट्टीच्या दिवशीचे काम आणि अंत्यविधीला कुणी न येणे, हे सारे त्यात होते. मृत्यू कामाच्या ताणाने झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. पण कामगार खात्याच्या तपासणीत निघाले की, २००७ पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. हातगाडीवाल्याकडे परवान्याची चौकशी रोज होते, हे वाचकांना सांगायला नको.

दारातला अन्याय

आपल्या मुलांच्या बाबतीत एक प्रश्न कंपनीत शिरण्यापूर्वीच उभा राहतो. तो टाळून हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या संधीचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश निघाले. २०१५ साली मुंबईत एका हिरे निर्यात कंपनीने तर एमबीए झालेल्या मुस्लिम तरुणाला ईमेलवर लिहूनच कळवले की, आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कंपनीने ती एका शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक असल्याचे सांगितले. लिहून दिले म्हणून ते उघड झाले, एवढेच.

सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास राज्यघटनेचे सोळावे कलम मनाई करते. खाजगी कंपनीत भरती करताना धर्म पाहू नये, असा सर्वंकष कायदा मात्र देशात नाही. नव्या वेतन संहितेत मनाई आहे ती स्त्री-पुरुष भेदाला.

तरी सगळ्या कंपन्यांना एका मापाने मोजणेही न्यायाचे नाही. ज्या कंपनीत भरतीची लेखी परीक्षा आहे, मुलाखतीला तीन माणसे बसतात, गुण लावले जातात, तिथे नावाचे वजन कमी होते. ओळखीने, ठेकेदाराच्या फोनवर भरती होते तिथे ते वाढते. म्हणून मुलाला 'कंपनी मोठी आहे का' एवढेच विचारू नये, 'भरती कशी करतात' हे विचारावे. शुक्रवारच्या नमाजाचेही तसेच. जुम्म्याची पाऊण तासाची सुट्टी पगार कापून का होईना, पण नियम म्हणून ठरलेली असली तर मुलगा मान वर करून जातो. दर शुक्रवारी सुपरवायझरच्या मर्जीवर सोडली तर तीच सुट्टी उपकार होते. आणि जेवणाची वेळ अर्धा तास सरकवून हे जमत असेल, तर बाकीच्या कामगारांच्या ताटाला धक्का लागत नाही. जिथे एकाला सवलत दिली आणि त्याचे काम दुसऱ्यावर टाकले, तिथे तो दुसरा नाराज होणारच, आणि त्याची नाराजी द्वेषाची आहे असे लगेच समजू नये.

कायद्याने काय मिळते

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत विलीन झाले. कामाला जाणाऱ्या मुलाने आणि कामावर ठेवणाऱ्या मालकाने, दोघांनीही यातल्या काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. वेतन संहिता लहान-मोठ्या सर्व आस्थापनांना लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा. जादा कामाला दुप्पट दर. उचल आणि इतर कपाती मिळून एका वेळच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही, आणि दंड तीन टक्क्यांहून अधिक नाही. दहा किंवा जास्त कामगार असतील तर नेमणूकपत्र द्यावे लागते. नेमणूकपत्र आणि पगाराची पावती जपून ठेवावी, कारण तंट्याच्या वेळी तोंडी गोष्ट कुणी ऐकत नाही. बोनस पूर्वीप्रमाणेच किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि जास्तीत जास्त २० टक्के. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, बाकीच्यांना पाच वर्षांची अट आहे.

आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तरतूद मात्र दुसरीच आहे. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती नेमावी लागते. मालक आणि कामगार यांचे सदस्य सारखे, एकूण दहापर्यंत, अध्यक्षपद एकेक वर्ष आळीपाळीने, आणि तक्रारीचा निकाल तीस दिवसांत. मुलींच्या पालकांनी हेही विचारावे की, २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत असायला हवी ती लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे काय, आणि तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत काय. विचारले म्हणून कोणी नोकरी नाकारत असेल, तर ती जागा कशी आहे ते आधीच कळले.

आणि आपला कारखाना?

सहा-आठ कारागिरांचा मालक म्हणेल, समित्या आणि संहिता मोठ्यांसाठी, माझ्याकडे सगळी घरचीच माणसे. हेच 'घरचे' म्हणणे आमच्या मते लहान कारखान्याचे सर्वांत मोठे बळ आहे आणि सर्वांत मोठी अडचणही. उस्ताद शागीर्दाच्या लग्नाला जातो, आजारपणात दवाखान्यात बसतो, ईदला कपडे देतो. असे कुठली कंपनी करणार? पण त्याच उस्तादाकडे पुतण्या उशिरा आला तर चालते आणि परका पोरगा दहा मिनिटे उशिरा आला तर अर्धा दिवस कापला जातो. पगार 'या आठवड्यात थोडा घे, बाकी पुढच्या आठवड्यात' असा मिळतो. उचल किती झाली, किती फिटली, हे मालकाच्या वहीत असते आणि ती वही कारागिराने कधी पाहिलेली नसते. रुमालाखालचा भाव इथेही आहे. कंपनीत गेलेला मुलगा घरी येऊन सांगतो, 'अब्बा, तिथे साहेब ओळख देत नाही, पण सात तारखेला मोबाइलवर पगार वाजतो.' ओळख न देणारा साहेब आणि वाजणारा पगार, यांत तरुण मुलगा पगार निवडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

खर्च न करता यातले पुष्कळ बदलता येते. नगांचे दर कागदावर लिहून भिंतीला लावले की दर कारागिरागणिक बदलत नाही. हात बसला म्हणून दर कमी करणार नाही, हे एकदा सर्वांसमोर सांगून पाळले, तर तो दबून ठेवलेला वेग बाहेर येतो. गठ्ठे पाळीपाळीने वाटायचे, किचकट कामाला दर वेगळा ठेवायचा. उचलीची नोंद दोन छोट्या वह्यांत करायची, एक मालकाकडे आणि एक कारागिराकडे, दोन्हींवर दोघांची सही. पगाराचा एक वार ठरवायचा आणि त्या दिवशी आपले येणे बाकी असले तरी तो चुकवायचा नाही. मोठ्या दुकानदाराकडून बिल अडले, ही व्यापाऱ्याची जोखीम आहे, कारागिराची नव्हे. ती घेतो म्हणून तर नफा आपला असतो. पुतण्याला उशिराची सवलत द्यायची असेल तर ती सगळ्यांना द्यावी, नाहीतर त्यालाही देऊ नये. यातले सर्वांत अवघड हेच आहे, कारण रात्री भावजयीचे बोलणे ऐकावे लागते.

आणि कारागीर सोडून चाललाच, तर त्याचा हिशेब दोन दिवसांत पुरा करून, रागावण्यापूर्वी त्याला शांतपणे विचारावे की, इथे काय जमले नाही. मध्ये बोलू नये. पहिले कारण तो पगाराचे सांगेल. थोडे थांबले तर दुसरेही सांगेल.